पक्ष्यांसाठी घेतलेली दुर्बीण आणि व्हीटीच्या भिंतीवरचा मोर : आठ महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, हा पक्षीनिरीक्षकांसाठीचा रिव्ह्यू नाहीये. त्यांनी पुढचा एक परिच्छेद वाचला तरी बास. ब्रँडचं नावही देत नाहीये, कारण खाली तक्रारी आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाही. ८×४२ची दुर्बीण आहे, ऑनलाइन घेतली, सेलमध्ये पाच हजार आठशेला पडली, वजन साधारण साडेसहाशे ग्रॅम, रंग काळा, सोबत पट्टा, पाउच, भिंगाची टोपणं आणि एक पुसायचं फडकं जे पहिल्याच धुण्यात हरवलं.

घेतली फ्लेमिंगोंसाठी. जानेवारीत ऐरोलीहून खाडीत बोटीने नेतात तिथे गेलो होतो आम्ही सगळे, मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई, आणि फ्लेमिंगो दिसले भरपूर, पण बोट हलते आणि आठपट मोठं दिसतं म्हणजे हलणं पण आठपट मोठं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दहा मिनिटांत मळमळायला लागलं. सासूबाईंनी नुसत्या डोळ्यांनी माझ्यापेक्षा जास्त पक्षी बघितले आणि वर ‘कशाला एवढे पैसे घालवलेस गं’ हे पण ऐकवलं. मग ती दुर्बीण कपाटात गेली. मार्चमध्ये एकदा ऑफिसच्या बॅगेत राहून गेली, आणि तिथून पुढचा हा रिव्ह्यू.

मी डोंबिवलीहून फोर्टला जाते, सतरा वर्षं झाली. म्हणजे सीएसएमटीला मी इतक्या वेळा उतरलेय की झोपेत पण बाहेर पडेन. (आम्ही अजून व्हीटीच म्हणतो, १९९६ला एकदा नाव बदललं, २०१७ला त्यात ‘महाराज’ आलं, तोंडाला मात्र व्हीटीच बसलंय.) सतरा वर्षांत मी त्या इमारतीचं काय बघितलं असेल तर घड्याळ, ते पण उशीर झालाय का एवढंच बघायला. त्या दिवशी संध्याकाळी लोकलचा काहीतरी घोळ होता, स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून रस्ता ओलांडून पालिकेच्या बाजूला सेल्फीवाल्यांच्या गर्दीत उभी राहिले, बॅगेत हात घातला तर दुर्बीण. आणि लावली, सहज.

तर मुद्दा असा आहे की आठपट म्हणजे नक्की काय ते पाकिटावर वाचून कळत नाही. चाळीस मीटर लांबची गोष्ट पाच मीटरवर असल्यासारखी दिसते. आता पाच मीटर म्हणजे आमच्या हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. म्हणजे व्हीटीची भिंत आमच्या हॉलमध्ये आली. आणि त्या भिंतीवर एक मोर होता, पिसारा फुलवलेला, खिडकीच्या वरच्या कमानीत बरोब्बर बसवलेला, पिसं एकेक मोजता येतील असा. सतरा वर्षं तो तिथे आहे आणि मी खालून घाम पुसत पळतेय. ‘तो तिथे सव्वाशे वर्षांच्या वर आहे’ हे नंतर नवऱ्याने दुरुस्त केलं.

त्या दिवशी मी चार गाड्या सोडल्या.

नंतर घरी येऊन जरा शोधाशोध केली, कारण हे कोणी केलं हा प्रश्न डोक्यातून जाईना. इमारतीचा आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे शाळेत पाठ केलेलं. काम १८७८ला सुरू झालं आणि १८८८ला पूर्ण झालं, दहा वर्षं. पण ती पानं, ती माकडं, ते पक्षी यातलं कितीतरी कोरीवकाम जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं आहे. विद्यार्थी! समोरच तर कॉलेज, डी. एन. रोडवर, चालत पाच मिनिटं. म्हणजे आता तिथली पोरं कॅनव्हास आणि ड्रॉइंगबोर्ड सांभाळत लोकलमध्ये चढतात आणि आपण ‘अरे भाऊ जरा बाजूला घे ना ते’ म्हणून ओरडतो, त्यांच्याच आधीच्या कुठल्यातरी बॅचने हे स्टेशन मढवलंय. कोणी कुठलं पान कोरलं, खाली कुठे सही नाही. माझा मुलगा दहावीला इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलाय, त्याला म्हटलं बघ, असाइनमेंट म्हणून युनेस्कोच्या यादीतली इमारत. (२००४ साली आली ती यादीत.) तो म्हणाला, ‘मार्क किती होते आई?’

दुर्बिणीतून मला स्वतःचे दोन गैरसमज कळले ते सांगते. एक, घुमटावर जी बाई उभी आहे ती व्हिक्टोरिया राणी असं मी कायम समजत आले, आणि मी विचारलेल्या ऑफिसातल्या सात पैकी सहा जणांना पण तसंच वाटत होतं. ती राणी नाहीच. ती ‘प्रगती’ आहे. एका हातात मशाल वर धरलेली आणि दुसऱ्या हाताशी आऱ्यांचं चाक. खालून नुसत्या डोळ्यांनी ते चाक काही केल्या कळत नाही, दुर्बिणीतून लख्ख दिसतं. राणी होती ती खाली, दर्शनी भिंतीवर घड्याळाच्या खालच्या कोनाड्यात. स्वातंत्र्यानंतर तो पुतळा काढला आणि कोनाडा तसाच रिकामा आहे. तो रिकामा कोनाडा मला त्या आख्ख्या भिंतीवरचा सगळ्यात बोलका भाग वाटतो, एवढ्या भरगच्च भिंतीत तेवढीच एक जागा काहीच नसलेली, आणि तिथे कुणालाच बसवावंसं वाटलं नाही किंवा कुणाला बसवायचं यावर एकमत झालं नाही, आपल्याकडे दुसरंच जास्त शक्य.

दुसरा गैरसमज नाना शंकरशेटांचा. भिंतीवर गोल चौकटीतून बाहेर आल्यासारखी काही डोकी आहेत, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या जुन्या संचालकांची. मला वाटायचं सगळे गोरे साहेबच असणार. नाही हो. त्यात आपले जगन्नाथ शंकरशेट आहेत, सर जमशेटजी जीजीभॉय आहेत. १८५३ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सुटली ती सुटावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांच्यातले नाना, आणि ते गेले १८६५ला, म्हणजे ही इमारत त्यांनी बघितलीच नाही. मी मात्र त्यांना बघितलं, संध्याकाळी साडेपाचला, पाच मीटरवरून.

आता दुर्बिणीच्या कामाचं सांगते, नाहीतर म्हणाल रिव्ह्यू कुठाय.

उजेड. व्हीटीची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी ऑफिसला जाताना ती सावलीत असते आणि मागून आकाश पांढरं, अशा वेळी या दुर्बिणीत दगडाच्या कडेला जांभळी रेघ येते, कधी हिरवट. स्वस्त भिंगांत ही भानगड असतेच म्हणे, प्रकाशातले वेगवेगळे रंग एकाच जागी गोळा होत नाहीत म्हणून. प्रगतीबाईंच्या मशालीभोवती तर असं जांभळं वलय येतं की मशाल खरंच पेटलीये वाटतं. दुपारी चारनंतर मात्र ऊन सरळ भिंतीवर येतं, सूर्य आपल्या पाठीमागे असतो, आणि प्रत्येक पानाची सावली पडते. कोरीवकाम बघायचं म्हणजे खरं तर सावलीच बघायची असते हे मला या आठ महिन्यांत कळलंय. भर दुपारी बारा वाजता तीच भिंत सपाट दिसते. आणि एक, चुकूनसुद्धा दुर्बीण सूर्याकडे वळवू नका, डोळा जाईल, हे मुलांच्या हातात देताना दहादा सांगा.

चष्मा. मला आहे. डोळ्याकडचे रबरी आयकप पिरगळून आत घ्यायचे मग चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो, बाहेर ठेवले तर मधलाच तुकडा दिसतो आणि वाटतं दुर्बीण खराब आली. मी पहिले दोन आठवडे तसंच वापरत होते आणि रिटर्नची रिक्वेस्ट पण टाकलेली. तसंच उजव्या डोळ्याला एक छोटी रिंग असते, डायऑप्टर. उजवं भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा, मग डावं झाकून फक्त ती रिंग फिरवून उजवा डोळा जमवा, एकदाच करायचं काम. सोबतच्या कागदावर हे लिहिलंय पण ज्या इंग्रजीत लिहिलंय ते वाचून माझं डोकं दुखलं.

हात हलणं. आठपट ठीक आहे, खांबाला टेकून उभं राहिलं, कोपर पोटाशी दाबलं की चित्र स्थिर राहतं. दहापटवाली मैत्रिणीकडे आहे, त्यात माझा स्वतःचा श्वास दिसतो. आणि ते ‘शंभरपट झूम’ लिहिलेलं बाराशे रुपयांचं येतं ना, त्याच्या नादाला लागू नका. ८×४२मधला दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, बेचाळीस मिलिमीटर, त्याला आठने भागलं की सव्वापाच येतं, तेवढ्या रुंदीचा उजेड डोळ्यात येतो. म्हणूनच स्टेशनच्या आत, तिकीट खिडक्यांच्या हॉलमध्ये पण ही चालते. तिथलं छत बघितलंय का कधी? निळ्यावर सोनेरी तारे, त्यावरूनच त्याला स्टार चेंबर म्हणतात. तिकिटाच्या रांगेत मान वर करून उभं राहिलं तर मागचा माणूस ‘मॅडम, पुढे सरका’ म्हणतो, त्यामुळे रांगेत नाही, बाजूला उभं राहून बघा. इटालियन संगमरवर आहे, आपला निळसर दगड घासून गुळगुळीत केलाय, आणि खांबांच्या डोक्याशी इतकी पानं की बाग आहे का काय. आणि त्याच्याखाली आपण सुट्ट्या पैशांवरून वाद घालत असतो.

एक प्रसंग. एप्रिलमध्ये एक पोलीसमामा आले. येणारच, स्टेशनच्या समोर एक बाई वीस मिनिटं दुर्बीण लावून उभी, मी त्यांच्या जागी असते तर मी पण आले असते. ‘मॅडम, काय बघताय?’

‘मामा, मोर.’

‘मोर? इथं कुठला मोर आलाय?’

मी दुर्बीण दिली. त्यांना फोकस जमेना, ‘सगळं धुरकट दिसतंय ओ’, मग चाक फिरवायला शिकवलं, मग एकदम गप्प झाले. बराच वेळ. मग म्हणाले, ‘ते माकड पण आहे की.’ मला माकड तोवर सापडलं नव्हतं! कुठे कुठे म्हणून मी विचारतेय आणि ते दुर्बीण सोडेनात. शेवटी दिली, आणि जाताना ‘केवढ्याला घेतली?’ आणि ‘फार वेळ उभं राहू नका, गर्दी होते’ ही दोन्ही वाक्यं एका दमात.

ज्यांना स्टेशनवर लाज वाटते त्यांनी ओव्हल मैदानावर जावं. तिथे हातात काहीही घेऊन उभं राहा, कुणी विचारत नाही, सगळे क्रिकेट खेळतात. पूर्वेला राजाबाई टॉवर. २८० फूट. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने पैसे दिले, १८७८ला पूर्ण झाला, हे आपल्याला माहितीये. मला माहीत नव्हतं ते हे, की त्याच्यावर माणसं उभी आहेत. चोवीस पुतळे. पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे नमुने म्हणून, हे साहेबाचं खूळ, जिथे तिथे माणसांची वर्गवारी करून मांडून ठेवायची, त्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण माणसं सुंदर आहेत. त्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र नावाच्या असिस्टंट इंजिनीयरने, म्हणजे बांधकामखात्यातला आपला माणूस. मला हे वाचून इतका आनंद झाला ना. टॉवर आर्किटेक्ट स्कॉट साहेबाने लंडनमध्ये बसून काढला, आणि त्याच्यावरची माणसं एका देशी इंजिनीयरने. टॉवरवर चढायला लोकांना बंदी आहे, खूप वर्षांपासून, त्यामुळे मुकुंद रामचंद्रांची माणसं जवळून बघायची तर दुर्बिणीशिवाय गती नाही. आमचा आता रविवारचा खेळ झालाय, पागोटं बघून कोण कुठला ओळखायचं. सासूबाई यात एक नंबर. ‘हे बांधणं कच्छकडचं’ असं त्या छातीठोक सांगतात, खरं की खोटं कोण तपासणार, पण त्यांच्या हातातून दुर्बीण सुटत नाही हे बघून मला ऐरोलीचं उट्टं निघाल्यासारखं वाटतं.

शेजारीच हायकोर्ट. तिथली ती प्रसिद्ध दंतकथा, की कंत्राटदाराशी वाजलं म्हणून कुणी कारागिराने खांबावर एक डोळा झाकलेलं माकड कोरलं, हातात न्यायाचा तराजू देऊन. माकड आहे, सूड खरा की नंतर रचलेला ते कोण जाणे. पण ते आतल्या बाजूला आहे आणि कोर्टात दुर्बीण घेऊन शिरायची माझी छाती नाही, त्यामुळे त्याला रेटिंग नाही.

ज्या जागी दुर्बीण लागत नाही ती पण सांगते, क्रॉफर्ड मार्केट. प्रवेशाच्या कमानींवरची कोरलेली चित्रं लॉकवूड किपलिंगची, हे तेव्हा जे.जे.त शिकवायचे. मंडई १८६९ची. शेतकरी, कापणी, धान्य, म्हणजे आत काय विकतात त्याचीच पाटी म्हणा ना, फक्त दगडात. नुसत्या डोळ्यांना नीट दिसतं. पण तिथे थांबून वर बघायचं म्हणजे मागून हातगाडी आलीच, ‘ओ ताई, साईड!’ आणि पिशवीतले आंबे चेपले, हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

आणि एक सरप्राईझ. महात्मा गांधी रोडला न्यू इंडिया ॲश्युरन्सची बिल्डिंग आहे, १९३०च्या दशकातली. माझं ऑफिस तिथून जवळ, रोज जेवणानंतर त्याच फुटपाथने चक्कर. तिथे गॉथिकसारखी वेलबुट्टी नाही, सरळ ताठ रेघांची आर्ट डेको, आणि भिंतीवर शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया. शिल्पकार एन. जी. पानसरे. दारापाशी उंचच्या उंच माणसं उभी आहेत. इन्शुरन्स कंपनीच्या भिंतीवर कुंभार! पॉलिसीचा हप्ता भरायला आलेल्या माणसाने मान वर केली तर त्याला काय वाटत असेल हा विचार मी केला, आणि मग लक्षात आलं की मान कोणीच वर करत नाही, मी पण केली नव्हती.

पावसाळ्यात काय? बॉक्सवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात मी मुद्दाम गेले व्हीटीसमोर, कारण वरच्या कडेला ती जनावरांची तोंडं बाहेर आलेली आहेत ना, गारगॉइल, ती मला वाहताना बघायची होती. तत्त्व आपल्या देवळाच्या गोमुखाचंच, पाणी भिंतीवरून न ओघळता लांब पडावं. ती तोंडं नीट बघून होईपर्यंत दुर्बिणीच्या आत धुकं जमलं. बाहेरून नाही, आत. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली, गेलं, पण मग कळलं की चांगल्या दुर्बिणीत नायट्रोजन भरून सील करतात आणि आमच्या या बाईंचं सील नावापुरतंच असणार. कंपनीला मेल टाकली, उत्तर आलं की प्रॉडक्ट ‘नॉर्मल युज’साठी आहे. बरं. मुंबईत पाऊस नॉर्मल नसेल तर काय नॉर्मल आहे.

दुसरी तक्रार पट्टा. पातळ, मानेला कापतो, सव्वातीनशेचा रुंद पट्टा वेगळा घ्यावा लागला. तिसरी टोपणं. पुढच्या भिंगांची टोपणं इतकी सैल की पहिलं मेमध्ये लोकलमध्ये चढताना प्लॅटफॉर्म आणि गाडीच्या फटीत गेलं, आता ते तिथेच.

मोबाईलने का नाही, असं मुलगा विचारतो, झूम आहे की. आहे. पण मोबाईल वर धरला की माणूस फोटो काढतो आणि खिशात टाकतो. दुर्बिणीत फोटो निघत नाही, त्यामुळे बघावंच लागतं, दोन मिनिटं, पाच मिनिटं, आणि ती माकडं अशी पटकन दिसत नाहीतच, पानात लपलेली असतात, कोरणाऱ्याने मुद्दाम लपवलीत असं मला वाटतं.

पक्ष्यांसाठी विचाराल तर अडीच स्टार, हलणाऱ्या बोटीत एक. इमारतींसाठी साडेचार. अर्धा पावसाचा कापला. सहा हजाराच्या आतली घेणार असाल तर आठपटच घ्या, चष्मा असेल तर दुकानात लावून बघा, आणि घेतल्यावर पहिला शनिवार दुपारी चार वाजता व्हीटीसमोर. मोर कुठल्या खिडकीवर ते सांगत नाहीये.

टोपणांचं मात्र झालं. सासूबाईंनी ब्लाउजपीसच्या दोन टोप्या शिवून दिल्या, कडेला इलास्टिक घालून, एक मोरपंखी आणि एक लाल कारण मोरपंखी कापड पुरलं नाही. कंपनीच्या टोपणांपेक्षा घट्ट बसतात.